सव्वा टक्का बदल पकडताना: युरोपच्या भूआच्छादन नकाशाचं एक प्रकरण

भूआच्छादनाचे, म्हणजे कुठल्या जमिनीवर शेत, जंगल, घरं की पाणी आहे हे दाखवणारे, दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे हाती आले की पहिला मोह होतो तो एकातून दुसरा वजा करण्याचा. जुन्या नकाशात शेत आहे, नव्यात घरं आहेत, म्हणजे शेत गेलं आणि घरं आली. संगणकावर नकाशे हाताळणाऱ्या जीआयएस सॉफ्टवेअरला हे काही मिनिटांचं काम. निघालेल्या आकड्यांचा तक्ता करायचा, रंगीत आलेख काढायचा, अहवाल तयार. आपल्याकडच्या किती तरी प्रबंधांत आणि प्रकल्प अहवालांत हेच केलेलं असतं, आणि त्यातले आकडे पुढे बातम्यांतही येतात.

कोपनहेगनच्या युरोपियन पर्यावरण संस्थेपुढे 2006 च्या सुमाराला हाच मोह उभा होता. संस्थेकडे 1990 आणि 2000 या संदर्भवर्षांचे जवळजवळ खंडभराचे नकाशे होते, 2006 चा करायचा होता. धोरण आखणाऱ्यांचा प्रश्न सरळ होता: काय बदललं, किती बदललं, कुठे बदललं? त्या फेरीत बहुतेक देशांनी वजाबाकीचा रस्ता सोडला. आधी बदल रेखाटायचा आणि त्यातून नवा नकाशा काढायचा, असं काम उलटं फिरवलं. असं का करावं लागलं आणि त्यातून काय हाती आलं, एवढ्यापुरतं हे प्रकरण आहे. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण जमिनीच्या बदलाबद्दल आपण जे ठासून बोलतो त्यातलं बरंचसं या एका मुद्द्यावर टिकतं किंवा पडतं.

नकाशा आधी कसा घडला

कोरीन हा कार्यक्रम युरोपीय समुदायाने 1985 मध्ये सुरू केला. पर्यावरणाची माहिती देशोदेशी वेगवेगळ्या पद्धतीने गोळा होत होती, ती एका मापात आणायची हा हेतू. त्यातलाच एक भाग भूआच्छादनाचा नकाशा. पहिल्या फेरीची पद्धत आज वाचली तर नवल वाटेल. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमा 1:1,00,000 या प्रमाणावर कागदावर छापायच्या, त्यावर पारदर्शक फिल्म ठेवायची, आणि जाणकार माणसाने डोळ्यांनी बघत जंगल, शेत, गाव, पाणी यांच्या सीमा हाताने काढायच्या. मग त्या रेषा संगणकात भरायच्या. 1990 चा म्हणून जो नकाशा ओळखला जातो त्यातल्या प्रतिमा प्रत्यक्षात 1986 ते 1998 या काळातल्या आहेत, आणि तो पुरा व्हायला सुमारे 10 वर्षं लागली. 2000 च्या नकाशाला 4 वर्षं लागली, 2006 च्या नकाशाला 3.

नकाशा कुठल्या एका कार्यालयात बसून काढलेला नाही. प्रत्येक देशाने आपापल्या हद्दीचा काढला आणि मग ते तुकडे सीमांवर जुळवले. 2006 च्या फेरीत 38 देश होते. पुढे 39 झाले आणि क्षेत्र सुमारे 58 लाख चौरस किलोमीटरवर गेलं, म्हणजे भारताच्या पावणेदोनपट. पोर्तुगालमधला माणूस कॉर्कच्या झाडांखाली चरणारी डुकरं ज्या जमिनीवर बघत वाढला आणि फिनलंडमधला माणूस जी दलदल बघत वाढला, त्या दोघांनी एकच यादी वापरायची होती.

ती यादी 44 वर्गांची. वरच्या पातळीवर पाच गट: माणसाने बांधलेली जमीन, शेती, जंगल आणि निमनैसर्गिक जमीन, पाणथळ जागा, पाणी. खाली उतरत गेलं की भातखाचरं वेगळी, द्राक्षमळे वेगळे, ऑलिव्हच्या बागा वेगळ्या, खाणी वेगळ्या, विमानतळ वेगळे, मिठागरं वेगळी. नैसर्गिक गवताळ जमीन आणि जनावरांसाठी राखलेलं कुरण हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत, आणि पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या साचलेल्या थराची, दलदल हा तिसराच. इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं. आपल्याकडे सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानांचा मोठा भाग पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी जमीन किंवा अवनत कुरण म्हणून गेला. माळढोक, लांडगा, धनगरांचे कळप यांचं ते घर असलं तरी नकाशावर नाव पडलं पडीक. एकदा यादी ठरली की उपग्रह कितीही चांगला असो, यादीत नसलेली जमीन त्याला दाखवता येत नाही.

पंचवीस हेक्टर

कोरीनचा सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे किमान आकार. 25 हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर स्वतंत्र दाखवायचा नाही, आणि 100 मीटरपेक्षा अरुंद पट्टाही नाही. 25 हेक्टर म्हणजे जवळजवळ 62 एकर. लँडसॅटच्या 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये मोजलं तर सुमारे 278 पिक्सेल. प्रतिमेत त्याहून किती तरी बारीक दिसत असताना एवढं का टाकून दिलं? कारण खंडभर, हाताने, परवडणाऱ्या खर्चात आणि सर्व देशांत सारख्या तपशिलाने काम करायचं तर कुठे तरी रेघ मारावीच लागते. ती मारली नसती तर एका देशाने प्रत्येक तळं दाखवलं असतं आणि दुसऱ्याने फक्त मोठी सरोवरं.

पण या रेघेची किंमत लहान शेतांच्या प्रदेशांनी मोजली. स्पेनच्या वायव्येकडचं गॅलिसिया घ्या. कोकणातल्या वाडीसारखीच तिथली जमीन: घर, मागे भाजीचा तुकडा, शेजारी चारा, पलीकडे झाडं, आणि सगळं बांधाबांधाने कापलेलं. यातला एकही तुकडा 25 हेक्टर भरत नाही. अशा जमिनीसाठी यादीत दोन मिश्र वर्ग ठेवले आहेत. एक, निरनिराळ्या पिकांचा गुंतागुंतीचा पॅचवर्क. दुसरा, शेतीच मुख्य पण अधूनमधून नैसर्गिक वनस्पतींचा बराच भाग असलेली जमीन. हे वर्ग वाईट नाहीत, प्रामाणिक आहेत. मात्र त्यांच्या पोटात काय चाललंय हे नकाशा सांगत नाही. चाऱ्याचं रान जाऊन निलगिरी आली तरी तुकडा मिश्रचा मिश्रच राहू शकतो.

श्रीहरिकोट्याहून गेलेला उपग्रह

2006 च्या फेरीसाठी प्रतिमा कुठून आणायच्या हा प्रश्न सोपा नव्हता. 2000 चा नकाशा लँडसॅट 7 वर झाला होता. 31 मे 2003 ला त्या उपग्रहाच्या स्कॅनरमधला एक भाग कायमचा निकामी झाला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रतिमेत तिरप्या कोऱ्या पट्ट्या येऊ लागल्या. प्रतिमेचा जवळजवळ 22 टक्के भाग गायब. शेताच्या सीमा काढायला अशी प्रतिमा कामाची नाही.

मग युरोपने दोन स्रोत घेतले: फ्रान्सचे स्पॉट 4 आणि 5, आणि भारताचा आयआरएस पी6, म्हणजे रिसोर्ससॅट 1. हा उपग्रह 17 ऑक्टोबर 2003 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी5 ने सोडला होता. त्यावरचा लिस 3 हा कॅमेरा जमिनीवरचा 23.5 मीटरचा तपशील टिपतो, 141 किलोमीटरचा पट्टा एका वेळी घेतो आणि 24 दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. युरोपातला त्याचा डेटा जर्मनीतल्या नॉयस्ट्रेलिट्झच्या केंद्रावर उतरत असे. 2012 च्या फेरीतही हाच कॅमेरा पुन्हा वापरला गेला, जोडीला रॅपिडआय हे उपग्रह होते. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्रात ज्या कॅमेऱ्याच्या प्रतिमांवर विदर्भातली रानं रेखाटली जातात, त्याच कॅमेऱ्यावर युरोपच्या जमिनीचा नकाशा उभा राहिला, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. ती ठाऊक असायला हवी.

त्या फेरीत आणखी एक सुधारणा झाली. आधीच्या दोन नकाशांना एकाच तारखेची प्रतिमा होती; आता प्रत्येक जागेच्या दोन वेगवेगळ्या हंगामांतल्या प्रतिमा घेतल्या. याचा फायदा एका शेतावरच बघू.

लिस 3 ला निळा पट्टा दिसत नाही. हिरवा, तांबडा, आणि माणसाच्या डोळ्यांना न दिसणारे दोन, जवळचा अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त, असे प्रकाशाचे चारच पट्टे. त्यामुळे डोळ्यांना दिसतो तसा फोटो त्यातून निघत नाही. रंग उसने द्यावे लागतात. जवळच्या अवरक्ताला लाल, लघुतरंग अवरक्ताला हिरवा आणि तांबड्याला निळा रंग दिला, की जोमदार हिरवळ नारिंगी-लाल दिसते, सूचिपर्णी जंगल गडद तपकिरी, उघडी माती निळसर आणि पाणी काळं. आता उत्तर फ्रान्समधली मे महिन्याची प्रतिमा उघडा. शेजारशेजारचे तीन तुकडे: दोन नारिंगी, एक निळसर. नारिंगीत कुरण कुठलं आणि गहू कुठला? सांगता येत नाही, कारण पेरणी शरदात झालेली असते आणि मे महिन्यात गहू कुरणाइतकाच हिरवागार असतो. ऑगस्टची प्रतिमा उघडली की उलगडा होतो. गहू कापला गेलेला असतो, तो तुकडा निळसर पडतो. मे महिन्यात निळसर असलेला तुकडा आता नारिंगी झालेला असतो, तो मका. दोन्ही वेळा नारिंगी राहिलेला तुकडा म्हणजे कुरण. ज्याने खरीप आणि रब्बीच्या प्रतिमा एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या आहेत त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

हा फरक किरकोळ नाही. कुरण नांगरून शेत केलं की मातीत साठलेला कार्बन बाहेर पडू लागतो, फुलं आणि कीटक कमी होतात. एका तारखेच्या प्रतिमेवर कुरण आणि शेत यांची गल्लत झाली आणि पुढच्या नकाशात दोन तारखांमुळे ती सुधारली, तर वजाबाकीत ती सुधारणा हजारो हेक्टर नांगरलेलं कुरण म्हणून दिसेल. एकही नांगर न चालता.

वजाबाकी का चालत नाही

आता मूळ दुखण्याकडे येऊ. कोरीनच्या नकाशाने किमान 85 टक्के बरोबर असावं अशी अट होती. 2000 चा नकाशा लुकास या सर्वेक्षणाच्या आधारे तपासला गेला. लुकासमध्ये माणसं ठरलेल्या बिंदूवर प्रत्यक्ष जातात, तिथे काय आहे ते नोंदवतात आणि चारही दिशांना फोटो काढतात. त्या नोंदी आणि फोटो बघून जाणकारांनी पुन्हा अर्थ लावला तेव्हा नकाशा सुमारे 87 टक्के विश्वासार्ह निघाला. बिंदू आणि नकाशा यांची नुसती यांत्रिक तुलना केली तेव्हा मात्र तो आकडा 75 टक्क्यांच्या आसपास होता. कारण उघड आहे: बिंदू काही मीटरचा, नकाशाचा तुकडा किमान 25 हेक्टरचा. जंगलातल्या चार गुंठे मोकळ्या जागेवर बिंदू पडला तर नोंद गवताची होते, पण नकाशा जंगल म्हणतो तेही चुकीचं नाही.

87 टक्के हा खंडाच्या नकाशासाठी उत्तम आकडा आहे. पण 2000 ते 2006 या काळात खरोखर किती जमीन बदलली? पाहणी केलेल्या क्षेत्राच्या सुमारे सव्वा टक्का. म्हणजे प्रत्येक नकाशात 10 ते 15 टक्के चूक असू शकते, आणि शोधायचा आहे सव्वा टक्का. दोन नकाशे वजा केले की दोघांच्या चुका उत्तरात एकत्र येतात आणि खरा बदल त्यात बुडून जातो. दोन्ही नकाशे चांगले असूनही उत्तर निरुपयोगी निघू शकतं, हे पटायला जड जातं, पण गणित तसंच आहे.

सीमांचाही भाग आहे. पहिल्या फेरीत प्रतिमा जमिनीवर बसवताना 50 मीटरपर्यंतची चूक चालत होती, 2000 पासून 25 मीटर. जंगलाची कड 10 किलोमीटर लांब असेल आणि नव्या नकाशात ती सरसकट 50 मीटर सरकली, तर 50 हेक्टर जंगल वाढल्याचं किंवा तुटल्याचं दिसतं. एका झाडालाही कुऱ्हाड लागलेली नसते.

आणि मग किमान आकाराची खोड. समजा, गव्हाच्या रानात 23 हेक्टरचं एक गाव आहे. 25 पेक्षा लहान, म्हणून 2000 च्या नकाशात ते नाहीच, सगळं शेत. सहा वर्षांत गावाच्या कडेला 6 हेक्टर घरं झाली. गाव आता 29 हेक्टरचं, म्हणून 2006 च्या नकाशात ते उगवतं. वजाबाकी सांगते 29 हेक्टर शेतावर बांधकाम झालं. झालं 6 हेक्टरवर. जवळजवळ पाचपट फुगवटा, आणि यात कुणाचीही चूक नाही. नियम पाळले म्हणूनच हे झालं. उलटंही होतं. 29 हेक्टरचा जंगलाचा तुकडा 6 हेक्टर तुटला की 23 चा उरतो, नकाशातून पुसला जातो आणि 29 हेक्टर जंगल गेल्याची बातमी तयार होते.

आधी बदल

2006 च्या फेरीत बहुतेक देशांनी जे केलं ते असं. 2000 चा नकाशा घ्यायचा. 2000 ची प्रतिमा आणि 2006 ची प्रतिमा एकमेकींशेजारी दोन खिडक्यांत उघडायच्या, दोन्हींवर जुन्या नकाशाच्या सीमा चढवायच्या. हंगेरीतल्या तज्ज्ञांनी यासाठी इंटरचेंज नावाचं साधन बनवलं होतं. एका खिडकीत सरकलं की दुसरीही तितकीच सरकते. मग एकेक पॉलिगॉन, म्हणजे नकाशावरचा बंद सीमेचा तुकडा, घ्यायचा.

पहिला प्रश्न बदलाचा विचारायचाच नाही. पहिला प्रश्न जुन्या नकाशाचा: 2000 साली इथे जे लिहिलंय ते तेव्हा खरं होतं का? नसेल तर आधी तेच दुरुस्त करायचं. कुरणाला शेत म्हटलं असेल तर 2000 च्याच नकाशात कुरण करायचं. मला या पद्धतीतलं हे सगळ्यात मोलाचं पाऊल वाटतं. जुनी चूक जुन्या वर्षातच मिटते. बदल बनून पुढच्या वर्षात शिरत नाही.

त्यानंतर दोन्ही प्रतिमांत खरोखर काही घडलंय का ते बघायचं. घडलं असेल आणि ते 5 हेक्टर किंवा त्याहून मोठं असेल, तर तेवढाच तुकडा वेगळा रेखाटायचा आणि त्याला दोन संकेतांक द्यायचे: आधी काय, नंतर काय. वरच्या गावाच्या उदाहरणात 6 हेक्टरचा एक तुकडा, शेत ते वस्ती. 29 हेक्टरचं गाव नव्या नकाशात येतंच, पण त्यातले 23 हेक्टर ही तांत्रिक भर आहे, बदलाच्या हिशेबात ती धरायची नाही. धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं म्हणून उघडा पडलेला काठ हाही बदल नव्हे, तो हंगाम आहे. शेतात यंदा गव्हाऐवजी बीट आहे, तेही नाही.

सगळा देश असा झाला की दुरुस्त केलेला 2000 चा नकाशा आणि बदलांचा थर एकत्र करून 2006 चा नकाशा निघतो. म्हणजे आधी बदल, नंतर नकाशा. 1990 ते 2000 च्या फेरीत बहुतेकांनी आधी नवा नकाशा काढला होता आणि मग फरक शोधला होता. शिवाय आधीच्या तुकड्याला न लागलेल्या सुट्या बदलांसाठी तेव्हा 5 नव्हे, 25 हेक्टरची अट होती. त्यामुळे 1990 ते 2000 आणि 2000 ते 2006 या दोन काळांचे बदलाचे आकडे तुलनेसाठी एका ओळीत मांडताना जपून राहावं लागतं.

या कामावर देखरेख होती. मध्यवर्ती तांत्रिक गट प्रत्येक देशाच्या माणसांना प्रशिक्षण द्यायचा, काम चालू असताना काही भाग उघडून बघायचा, शेरे लिहून परत पाठवायचा, दुरुस्ती झाल्यावर पुन्हा बघायचा. खंडाचा नकाशा एकसारखा दिसतो तो या शेऱ्यांमुळे.

काय दिसलं

44 वर्गांमध्ये एकातून दुसऱ्यात जाण्याच्या 1,892 शक्यता होतात. एवढ्या जोड्यांचा तक्ता कुणी वाचू शकत नाही, म्हणून संस्थेने त्या प्रक्रियांच्या 9 मुख्य गटांत बांधल्या: शहरांतर्गत फेरबदल, वस्तीचा विस्तार, उद्योग आणि रस्त्यांचा विस्तार, शेतीतले फेरबदल, जंगल-कुरणाची शेती होणं, शेती सोडून देणं, जंगलाची तोड आणि वाढ, जलाशय, आणि बाकीचे. जमिनीची जमाखर्चाची वही म्हणता येईल अशी ही मांडणी आहे.

1990 ते 2000 या काळात बांधलेली जमीन 8,000 चौरस किलोमीटरहून अधिक वाढल्याचं निघालं होतं, लक्झेंबर्गच्या तिप्पट, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडी जास्त. 2000 नंतरच्या फेरीत स्पेन उठून दिसतो. तिथे बांधकामाची तेजी ऐन भरात होती, आणि ज्याला यादीत "बांधकाम चालू असलेली जागा" म्हणतात तो वर्ग नकाशावर ठिकठिकाणी उमटला. पुढे मंदी आली तेव्हा त्यातल्या किती जागांवर घरं उभी राहिली आणि किती तशाच पडून राहिल्या हे पुढच्या फेरीत बघता आलं. बदलाचे तुकडे वेगळे रेखाटले होते म्हणूनच एकाच जागेचा असा माग काढता येतो.

स्वीडनचं उदाहरण माझ्या मते अधिक बोलकं आहे. जानेवारी 2005 मध्ये गुद्रुन नावाचं वादळ दक्षिण स्वीडनवर आलं आणि एका रात्रीत सुमारे 7.5 कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं, बहुतेक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची लागवडीची जंगलं. बदलाच्या थरात ही पडझड "सूचिपर्णी जंगल ते संक्रमणातलं झुडपी रान" या जोडीने येते. पण हीच जोडी लाकूडतोडीलाही लागते. कोरीनच्या भाषेत तोडलेलं जंगल, वादळाने पडलेलं जंगल आणि नुकतीच लावलेली रोपं या सगळ्यांचा मुक्काम त्या एकाच वर्गात. शेती सोडलेल्या जमिनीवर आपोआप उगवलेलं रानही तिथेच. म्हणून संक्रमणातलं रान वाढलं याचा अर्थ जंगल नष्ट झालं असा काढता येत नाही, आणि जंगल वाढतंय असाही नाही. ते तुकडे आधी कशातून आले हे बघितल्याशिवाय तो आकडा मुका आहे. आयर्लंडमध्ये पीटच्या दलदलीवर झाडं लावली गेली, तीही याच वर्गातून जातात. कागदावर वृक्षारोपण, प्रत्यक्षात हजारो वर्षांत साचलेल्या कार्बनच्या साठ्यावर चर खणणं. जोडीतला पहिला संकेतांक वाचला तरच हे समजतं.

काय निसटलं

5 हेक्टरखालचं सगळं. 300 हेक्टरचं गाव तीन टोकांना चार-चार हेक्टर वाढलं तर 12 हेक्टर जमीन गेली, पण बदलाच्या थरात शून्य. गावं बहुधा अशीच वाढतात, एकदम 50 हेक्टरची वसाहत क्वचित होते. म्हणजे कोरीन बांधकामाचा वेग कमी दाखवतो, आणि ज्या देशांत विकास विखुरलेला आहे तिथे जास्तच कमी. रस्त्यांचंही तसंच, 100 मीटर रुंदीचा रस्ता म्हणजे मोठा महामार्ग आणि त्याचे उड्डाणपूल. साधा दुपदरी रस्ता जंगलाचे दोन तुकडे करतो, नकाशावर जंगल अखंडच.

स्पेनच्या आल्मेरियात सुमारे 30 हजार हेक्टरवर प्लास्टिकची हरितगृहं आहेत, अवकाशातून पांढरा डाग दिसतो. 44 वर्गांत हरितगृहाला वेगळा वर्ग नाही. ती शेतजमिनीत जातात. उघडं रान प्लास्टिकखाली गेलं तरी हिशेबात शेत ते शेत.

त्याहून अवघड गोष्ट पुढच्या फेऱ्यांत घडली. काही देशांकडे स्वतःचे जास्त बारीक नकाशे तयार झाले. नॉर्डिक देश आधीपासूनच निमस्वयंचलित पद्धत वापरत होते. 2012 च्या फेरीत जर्मनी आणि स्पेननेही आपल्या तपशीलवार राष्ट्रीय नकाशांवरून कोरीन काढायला सुरुवात केली. नकाशा सुधारला. पण मालिकेत सांधा पडला. 2006 चा जर्मनी आणि 2012 चा जर्मनी वेगळे दिसतात, आणि त्यातला बराच फरक जमिनीतला नसून पद्धतीतला आहे. अशा वेळी दोन नकाशे वजा करणारा माणूस हमखास फसतो. बदलांचा स्वतंत्र थर असल्यामुळे संस्थेला एक इलाज करता आला: नव्या नकाशापासून बदल मागे मागे लावत जुन्या वर्षांचे हिशेबी थर 100 मीटरच्या जाळीवर पुन्हा तयार केले, म्हणजे सर्व वर्षं एकमेकांशी जुळतात आणि फरक तेवढाच उरतो जेवढा बदल म्हणून नोंदला गेला. वर्षावर्षांची तुलना करायची असेल तर मूळ नकाशे न घेता हे हिशेबी थर घ्यायचे असतात.

2018 ची फेरी युरोपच्याच सेंटिनेल 2 या उपग्रहांच्या प्रतिमांवर झाली, दीड वर्षात. 10 मीटरचा पिक्सेल, म्हणजे 25 हेक्टरच्या एका तुकड्यात 2,500 पिक्सेल. त्यानंतर कोरीनच्या शेजारी 10 मीटरचा 11 वर्गांचा यंत्राने काढलेला नवा पायाभूत नकाशाही आला, आणि जगभराचे 10 मीटरचे नकाशे तर आता घरबसल्या उतरवून घेता येतात. ही मोठी सोय आहे. पण वर्षागणिक निघणाऱ्या यंत्राच्या नकाशांत प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे चुकू शकतो, आणि दोन वर्षांची वजाबाकी केली की मिठाच्या खड्यांसारखा बदल सगळीकडे विखुरलेला दिसतो. 2006 साली हाताने काम करणाऱ्यांपुढे असलेली अडचण तशीच आहे, फक्त पिक्सेल लहान झाले आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने लिस 3 वरूनच देशाचे 1:50,000 प्रमाणाचे भूवापर-भूआच्छादन नकाशे 2005-06, 2011-12 आणि 2015-16 या तीन फेऱ्यांत केले, आणि ते भुवन संकेतस्थळावर बघता येतात. चाकण-तळेगाव पट्ट्यात या दहा वर्षांत शेतीचं काय झालं हे शोधायचं असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे नकाशे एकमेकांतून वजा करू नयेत. त्या दोन्ही वर्षांच्या खरीप आणि रब्बीच्या प्रतिमा शेजारी उघडाव्यात, 2005-06 च्या सीमा दोन्हींवर चढवाव्यात, आधी त्या सीमा आणि त्यांची नावं तपासून दुरुस्त करावीत, आणि मग कारखाना, गोदाम किंवा वसाहत उभी राहिलेला प्रत्येक तुकडा आधी काय होतं आणि नंतर काय झालं या दोन संकेतांकांसह वेगळा रेखाटावा. किमान आकार 5 हेक्टर ठेवला तर आपल्याकडच्या शेतांसाठी तो फार मोठा ठरेल. एक एकराचा प्लॉट पकडायचा असेल तर लिस 3 चा पिक्सेल अपुरा पडतो, तिथे लिस 4 या जास्त बारीक टिपणाऱ्या कॅमेऱ्याची 5.8 मीटरची प्रतिमाच लागते, आणि ती दोन्ही टोकांच्या वर्षांची मिळते का हे कामाला हात घालण्याआधी बघून घ्यावं.